काळी चारच्या जरा खाली

आत्या जिना चढून वर आली आणि दारातूनच म्हणाली, "अरे, तू वाजवत नाहीयेस ना आत्ता? मग हे गातंय कोण?" मी खरंच वाजवत नव्हतो. गिटार पलंगावर पडलेली, मी फोनमधे काहीतरी बघत होतो आणि कोपऱ्यात तो छोटा दहा वॅटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प नुसता चालू होता. तो तसा चालूच राहायचा, त्याची बारीक गुणगुण इतकी अंगवळणी पडली होती की मला ती ऐकूच येत नव्हती. आमचं घर जुनं, इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या बाजूचं, वरची जमीन अजून लाकडी फळ्यांची आणि अ‍ॅम्प सरळ त्या फळ्यांवर ठेवलेला, त्यामुळे माझ्या खोलीत जे वाजतं ते आत्याच्या खोलीत छतातून उतरतं. "मी तानपुरा काळी चारला लावतेय," आत्या म्हणाली, "आणि तुझं हे सारखं तिच्या जरा खाली. ना सा, ना नी. बंद तरी कर, नाहीतर सुरात तरी लाव." एवढं बोलून गेली. रागावलेली नव्हती, तिला पुढे रियाजाला बसायचं होतं.

मी अ‍ॅम्प बंद केला. पण ते "सुरात तरी लाव" काही डोक्यातून जाईना.

रात्री कागद घेऊन बसलो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अ‍ॅम्पमधे ती ट्रान्सफॉर्मरमधून कमी होऊन येते, चार डायोडच्या ब्रिजमधून जाते आणि तिथे लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर येतो, म्हणून पुढे जी थरथर उरते ती 100 हर्ट्झची, आणि सोबत 200, 300, 400 असे तिचे वरचे स्वर. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी वाजतो तो 98 हर्ट्झचा, म्हणजे अ‍ॅम्पची गुणगुण त्याच्यापेक्षा थोडी चढी. आणि काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, जी शार्प, तिचा खर्ज 103.8. छोट्या स्पीकरला 100 हर्ट्झ धड झेपतही नाही, त्यातून जास्त ऐकू येतो तो 200 चा स्वर, आणि आत्याच्या जोडीच्या तारा 207.65 ला. पेटीवरच्या दोन लागून असलेल्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट धरतात, तर शुद्ध नी सा च्या खाली साधारण तेवढ्यावर, आणि हे आमचं 65 सेंटवर. खरंच ना सा, ना नी. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला सात-आठ वेळा आवाज थरारणार, आणि ज्या माणसाचं सगळं लक्ष जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळतात का इकडे आहे, त्याला हा थरार किती छळत असेल. आत्याला हर्ट्झ माहीत नाही, ट्रान्सफॉर्मर माहीत नाही, आणि तिने खालच्या मजल्यावरून, छताआडून, एका पट्टीच्याही आतला फरक बिनचूक सांगितला. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं गाणं शिकवलं तिने, पण त्या रात्री मला तिच्या कानाची खरी किंमत कळली असं म्हणायला हरकत नाही.

आणि हा सूर कुणाला लावता येणारच नाही, कारण तो आमच्या घराचा नाहीच. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइन सुरू होऊन दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला, तेव्हापासून सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर चालतो. म्हणजे आमच्या इंदूरमधला अ‍ॅम्प, सोलापुरातला पिठाच्या गिरणीतला ट्रान्सफॉर्मर, चेन्नईतली ट्यूबलाइट, सगळे एकाच सुरात गुणगुणतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिकडे हीच गुणगुण 120 वर, ती काळी चारच्या सा ला रे आणि कोमल ग च्या बरोबर मधे कुठेतरी पडते. तिथेही आत्याचं काही जमलं नसतं! मला हे सगळं फार ग्रेट वाटलं, खरं सांगतो, झोप उडाली.

सूर लावता येत नसेल तर तो आत येतोय कुठून ते बघायचं. याची रीत सोपी आहे. गिटारची केबल काढायची आणि व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. गुणगुण गेली तर गडबड इनपुटकडे, म्हणजे केबल, जॅक किंवा गिटारच्या तारांची थरथर पकडणारा सिंगल कॉइल पिकअप, तो तर खोलीतल्या वायरिंगचे 50 हर्ट्झ हवेतून पकडतो आणि गिटार हातात धरून नुसतं फिरलात तरी कमीजास्त होतो. व्हॉल्यूम शून्यावर असूनही तशीच राहिली तर पॉवर सप्लाय नाहीतर अर्थिंग. माझी थोडी कमी झाली, पण राहिली. म्हणजे दोन्हीकडून थोडंथोडं येत होतं, आणि हेच जास्त किचकट.

अ‍ॅम्प उघडायच्या आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. प्लग भिंतीतून काढायचा, स्विच नुसता बंद करून चालत नाही, स्विच आणि फ्यूजच्या टोकांना 230 व्होल्ट असतातच. मग थोडं थांबायचं आणि मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या नळकांड्यावर, मल्टिमीटर लावून बघायचं. या छोट्या ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पमधे आत वीसेक व्होल्ट, पण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर 300 च्या वर, आणि ते प्लग काढल्यावरही बसून राहतात. त्याला शिकलेल्या माणसाशिवाय हात लावू नका.

मागचा पत्रा काढला. आत जागा बरीच, माल थोडा. एक ट्रान्सफॉर्मर, एक तपकिरी बोर्ड, कनेक्टर निघू नयेत म्हणून त्यांच्यावर गरम गोंदाचे गोळे, आणि सगळीकडे त्या स्वस्त बोर्डांना येतो तसा थोडा जळका, थोडा गोडसर वास. हा वास माझ्या लहानपणाचा आहे. जेल रोडजवळच्या एका रेडिओ मेकॅनिकच्या टपरीवर बाबा मला घेऊन जायचे, तिथे राळेचा धूर निघायचा आणि ते काका तोंडात स्क्रू धरून बोलायचे, आणि दुरुस्त झालेला सेट पहिल्यांदा लावला की आधी गुणगुण यायची आणि मग मालवा हाऊसचा, म्हणजे इंदूर आकाशवाणीचा निवेदक. असो. तर बोर्ड. पॉवरला टीडीए 2030 हा आयसी, पाच पायांचा, आपल्या गल्लीबोळातल्या प्रत्येक मेकॅनिकला डोळे मिटून ओळखता येईल असा. पुढे प्रीअ‍ॅम्पला, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला, 4558 हा दुसरा आयसी. फिल्टरचा कपॅसिटर 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा. आणि इथे मी थबकलो, कारण तो कपॅसिटर बोर्डावर छापलेल्या पांढऱ्या गोलापेक्षा बराच लहान होता. गोल मोठ्यासाठी काढलेला, बसवलेला लहान. जरा बाजूला R22 लिहिलेलं, पण तिथे रेझिस्टर नाही, नुसता वायरीचा तुकडा टाकून जागा जोडून घेतलेली. त्याला लागून C15, पुन्हा पांढरा गोल, आणि आत दोन रिकामी भोकं.

मी त्या रिकाम्या गोलाकडे कितीतरी वेळ बघत बसलो.

कारण ज्याने हा बोर्ड काढला त्याला सगळं माहीत होतं. प्रीअ‍ॅम्पला जाणारी वीज एका रेझिस्टर आणि कपॅसिटरमधून गाळून द्यायची हे त्याने कागदावर काढलं होतं, जागा ठेवली होती, नाव दिलं होतं. मग कुणीतरी खर्चाचा तक्ता घेऊन बसलं असेल, प्रत्येक अ‍ॅम्पमागे हे हे वाचतं, हजारो अ‍ॅम्प, आणि हे वगळलं तरी वाजतंय की. वाजतंय हे खरंच आहे. मला राग यावा असं वाटत होतं, पण आला नाही. ते वगळलं नसतं तर हा अ‍ॅम्प थोडा महाग झाला असता आणि कॉलेजमधे असताना ट्यूशनच्या पैशातून मला तो घेता आला असता की नाही, कुणास ठाऊक. मी ज्याच्यावर शिकलो तो त्या वगळलेल्या कपॅसिटरमुळेच माझ्यापर्यंत आला असेल. पण ज्याने तो गोल काढला त्याच्याबद्दल मात्र मला वाईट वाटलं. आपण काढलेली गोष्ट रिकामी बघायची, आणि अशी कितीदा तरी.

दुसऱ्या दिवशी महाराणी रोडवर गेलो. तिथे एक म्हातारे दुकानदार आहेत, भिंतभर लहान लहान खण, आणि कुठल्याच खणावर लेबल नाही. मी म्हटलं 2200 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट. ते म्हणाले, "25 वाला नी, 35 वाला ले जाओ भिया, रात को लाइन चढती है." आणि ते बरोबरच आहे. 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डायोड आणि कपॅसिटरनंतर वीसेक व्होल्ट डीसी देतो, पण रात्री भिंतीतले 230 चे 250 झाले आणि अ‍ॅम्प नुसताच चालू असला की तो आकडा वर सरकतो, मग 25 च्या कपॅसिटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्यांनी 105 डिग्रीवाला काढून दिला, 85 वाला नाही. उन्हाळ्यात आमच्या वरच्या खोलीत काय होतं ते त्यांना न सांगता कळलं. सोबत 100 ओहमचा रेझिस्टर, 470 चा एक कपॅसिटर, 100 मायक्रोफॅरडचा एक लहान, आणि इनपुटसाठी थोडी शील्डवाली वायर. सगळं मिळून चहा-पोह्यांच्या पैशात.

कपॅसिटर मोठा केला की गुणगुण किती कमी होते याचा साधा हिशोब आहे. अ‍ॅम्प नुसता बसलेला असताना साधारण 50 मिलिअँपिअर खातो असं धरलं तर 1000 मायक्रोफॅरडवर अर्ध्या व्होल्टची थरथर राहते, 2200 वर पाव व्होल्टाच्याही खाली येते. चांगलं आहे, पण खरी गंमत R22 आणि C15 मधे आहे. 100 ओहम आणि 470 मायक्रोफॅरड ही जोडी 100 हर्ट्झची थरथर जवळपास तीस पटीने खाली आणते, आणि 4558 इतका कमी करंट घेतो की रेझिस्टरवर अर्धा व्होल्टसुद्धा वाया जात नाही. एवढ्याशा दोन वस्तू.

आणि अजून एक जागा होती जी मला बोर्ड उजेडासमोर धरून, मागचे तांब्याचे रस्ते शोधताना सापडली. या अ‍ॅम्पला सप्लाय एकेरी, वीस व्होल्ट आणि शून्य, बस. पण गिटारचा सिग्नल वरही जातो आणि खालीही, मग 4558 ला मधे कुठेतरी टेकायला जागा लागते, म्हणून दोन सारखे रेझिस्टर लावून सप्लायचा अर्धा व्होल्टेज तयार करतात. हा अर्धा म्हणजे त्या आयसीचा सा. सगळे स्वर त्याच्यापासून मोजायचे. आता तो सा च जर सेकंदाला शंभरदा डोलत असेल तर वरचं काहीच स्थिर राहणार नाही, आणि माझ्या बोर्डावर त्या अर्ध्याला धरून ठेवायला एक 10 मायक्रोफॅरडचा म्हातारा कपॅसिटर होता, डोकं थोडं फुगलेला. तो काढून 100 चा लावला. हे तपकिरी बोर्ड उष्णतेला फार नाजूक, आयर्न जास्त वेळ टेकवलं की तांब्याची चकती सुटून वर येते, म्हणून आधी जुन्या सोल्डरवर थोडं नवीन सोल्डर द्यायचं, ते चमकून ओघळलं की विक, म्हणजे सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी, ठेवून टिपून घ्यायचं, आणि पाय स्वतःहून सैल होईपर्यंत ओढायचं नाही. सैल झाल्याचं बोटांना कळतं. C15 च्या भोकांत तर कधीच काही गेलं नव्हतं, सोल्डर भरून बुजलेली, ती मोकळी केली आणि नवीन कपॅसिटर आत घातला तर तो त्या पांढऱ्या गोलावर अगदी बरोबर बसला. किनार किनारीला.

परत लावला. व्हॉल्यूम शून्यावर काहीच नाही, कान कापडाला लावला तेव्हा कुठे थोडं. आत्याला बोलावलं. ती डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "आहे अजून, पण आता भांडत नाहीये." जे उरलं होतं ते स्पीकरमधून येतच नव्हतं, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या स्वतःच 100 हर्ट्झने थरथरतात आणि फळ्यांना लागून खाली जातात. त्याला कपॅसिटर काय करणार. जुन्या चपलेच्या रबराचे चार तुकडे अ‍ॅम्पखाली ठेवले, तेही गेलं.

पण मग मला थोडं रितं रितं वाटलं, आणि ते का हे समजायला वेळ लागला. बिजली-सडक-पानीवर आमच्याकडे निवडणूक झाली ते 2003 साल, त्याच्या आगेमागे लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा काही भरवसा नव्हता. अंधारात बसलेलो असायचो आणि आधी बल्ब नाही, आधी ती गुणगुण यायची, फ्रिजमधून, बाबांच्या जुन्या सेटमधून, आणि अख्ख्या गल्लीतून पोरं ओरडायची. गणपतीतही तसंच, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चालते देखावे, निघायच्या तेव्हा भोंग्यांतून कुणी बोलायच्या आधी एक घरघर यायची आणि आम्ही धावत सुटायचो. माझ्यासाठी ही गुणगुण म्हणजे आता काहीतरी सुरू होणार. ती मी स्वतःच्या हाताने काढून टाकली. बरं केलं, पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन, पण एवढं लिहून ठेवावंसं वाटलं.

आत्याला मात्र आता उत्सुकता लागली. "तू आत जे केलंस ते म्हणजे जवारी काढल्यासारखं का?" मी म्हटलं नाही, उलटं, जवारीत आपण झणकार आणतो, मी घालवला. मग तिने मला खाली नेऊन तिच्या मिरजेच्या तानपुऱ्यावर दाखवलं, घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे सरकवला आणि तार बोथट झाली, केसभर मागे आणला आणि एकदम उघडली, वरचे सगळे स्वर बाहेर. तार घोडीच्या गोलसर पाठीला घासत घासत वाजते म्हणून हे होतं. आमच्या इकडे देवास जवळ, कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, तानपुरे लावायला किती वेळ घ्यायचे याच्या गोष्टी ऐकत ही सगळी मंडळी मोठी झाली, त्यांच्यासाठी धाग्याचा केसभर हा मोठा प्रवास आहे. मी तिला डेव्ह डेव्हिसबद्दल सांगितलं. लंडनचा किंक्स बँड, साल 1964, पोरसवदा गिटारिस्ट, त्याचा एल्पिको कंपनीचा छोटासा स्वस्त अ‍ॅम्प, आणि त्याने ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला, आणि त्या फाटक्या कागदाच्या फरफरीने रॉकचा आवाज बदलला. आत्या म्हणाली, "म्हणजे त्यालाही जवारीच हवी होती." मला याच्यापुढे काही बोलता आलं नाही. साठ वर्षांच्या गिटारच्या इतिहासावर इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

गुणगुण गेल्यावर बाकीचं ऐकू यायला लागलं. डब्यात बोलल्यासारखा तो आवाज लहान स्पीकर आणि लहान खोक्याचा आहे, त्याला सर्किटमधे काही करून फार उपयोग नाही. मी स्पीकरच्या वायरी मागे एका जॅकवर काढल्या, म्हणजे बाहेरचं मोठं खोकं लावता येईल. वॅट तेच, पण 12 इंची गिटार स्पीकर एका वॅटला एका मीटरवर 97 ते 100 डेसिबल देतो, हा आतला बिचारा बराच कमी, आणि दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट लावल्यासारखं. फक्त अ‍ॅम्पवर जेवढे ओहम लिहिलेत त्याच्या खाली जायचं नाही.

राहता राहिला तो डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज. एक मावसभाऊ मागे लागलाय की आतले डायोड बदल. आत दोन 1N4148 उलटसुलट जोडलेले, सिग्नल 0.6 व्होल्टच्या वर गेला की ते त्याचं डोकं कापतात, आणि या स्वस्त अ‍ॅम्पचा तो चिरका, माशीसारखा आवाज बऱ्यापैकी तिथून येतो. त्यांच्या जागी लाल एलईडी टाकले तर कापायची सुरुवात पावणेदोन व्होल्टच्या आसपास होते, आवाज मोठा होतो, मोकळा होतो, बोटांचा दाब कळायला लागतो. मी क्रोकोडाइल क्लिपने लावून ऐकलंय, चांगलं वाटतं, वादच नाही. पण तो चिरका आवाज मी सतरा वर्षांचा असतानाचा आहे, पहिला पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम छेडून येणारा तो जाड सूर, मी त्याच आवाजात ऐकला, खिडकी लावून, बाबा ऑफिसातून यायच्या आत. तो मला बोर्डावरून उचकटून टाकायचा नाहीये. म्हणून छोटा टॉगल स्विच आणलाय, एका बाजूला सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला एलईडी. भाऊ म्हणतो पुढच्या पॅनलला लाव, नॉबच्या रांगेत शोभेल. मी मागच्या पत्र्याला भोक पाडणार आहे, जॅकच्या शेजारी. पुढे ज्याने जे छापलंय ते तसंच राहू दे. ड्रिलचा तीन मिलीमीटरचा बिट मिळालाय, सहाचा शेजारच्या सुताराकडून आणायचाय, तो रविवारी देतो म्हणालाय.